पंखा काढा, पण हिशेब करून!

बी. कॉम., तृतीय वर्ष

घसारा हा शब्द वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी भेटतो आणि पदवी हाती पडेपर्यंत त्याची पाठ सोडत नाही. वस्तू वापरली की झिजते, झिजली की तिची किंमत उतरते, आणि ती उतरण दरसाल वहीत मांडायची, एवढाच त्याचा सरळ अर्थ. आयकराच्या नियमांत संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरतात. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत टेबलावरच्या संगणकाचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे मानले आहे. कायद्याला कोठे तरी रेघ ओढावीच लागते, तशी ती ओढली आहे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्याबद्दल. वहीत ओढलेली रेघ प्रत्यक्ष वस्तूवरही ओढली गेली आहे, असे आपण मानू लागलो आहोत. तीन वर्षे झाली, मशीन जुने झाले, आवाज करू लागले, म्हणजे मेलेच, द्या भंगारात!

वास्तविक कोणतीही वस्तू सगळी एकदम झिजत नाही. सायकलचे टायर जाते, सांगाडा राहतो. छत्रीची काडी मोडते, कापड राहते. संगणकाच्या पेटीतही असेच आहे. त्यात हजारो लहानमोठे भाग असतात; पण गरगर फिरणारे भाग मोजून चार-पाच, आणि त्यांतले बहुतेक पंखे. फिरणारा भाग आधी झिजणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. चिप फिरत नाही, तांब्याची रेघ फिरत नाही. त्या वर्षानुवर्षे तशाच राहतात. आणि आपण काय करतो? शेदोनशे रुपयांच्या पंख्याच्या दुखण्यासाठी हजारोंची वस्तू तिरडीवर चढवतो. जुन्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा काढून ते बिनआवाजी करता येते का, करावे का, आणि केव्हा करू नये, याविषयी मला काही सांगायचे आहे. विषय विज्ञान शाखेचा वाटेल. पण यातला खरा प्रश्न हिशेबाचा आहे, म्हणून हा आगाऊपणा.

हा प्रश्न माझ्यासमोर आला तो मध्य प्रदेशातल्या बालाघाट शहरात. आपल्याकडच्या वाचकाला बालाघाट म्हटले की मराठवाड्यातली डोंगररांग आठवते. हे गाव ते नव्हे. हे वैनगंगेच्या काठचे, गोंदियाहून रेल्वेने तासाभराच्या अंतरावरचे जिल्ह्याचे ठिकाण. १९५६ सालच्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्याकडे गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे तिथे घरात मराठी आणि दुकानात हिंदी बोलणारी कुटुंबे आजही भेटतात. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या माझ्यासारख्याला त्या गावात परके वाटायचे काही कारणच नाही.

माझे मामा तिथे एक अभ्यासिका चालवतात. तिकडे तिला ‘लायब्ररी’ म्हणतात, मात्र तिच्यात पुस्तके नसतात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली महिन्याची फी भरतात, आपली पुस्तके आपण आणतात आणि नेमून दिलेल्या खुर्चीवर सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत बसतात. मामांचे एक वाक्य अर्थशास्त्राच्या पेपरात लिहावे असे आहे. ते म्हणतात, “अरे, पोरं पैसे देतात ते शांततेचे. खुर्ची तर त्यांच्या घरीपण आहे.” म्हणजे या धंद्यात विक्रीचा माल शांतता हाच. आणि त्या मालाला कीड लागली होती काउंटरवरच्या संगणकातून.

या संगणकावर दोन पडदे चालतात. एकावर खुर्च्यांचे आणि फीचे रजिस्टर, दुसऱ्यावर कॅमेऱ्यांची चित्रे. त्यातल्या प्रोसेसरला स्वतःहून पडद्यावर चित्र उमटवता येत नाही, म्हणून वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले. कार्ड साधेच, वीस वॉटच्या आसपास वीज खाणारे. त्याच्यावर चार सेंटिमीटरचा एक चिमुकला पंखा. लहान पंख्याला पुरेशी हवा ढकलायची तर फार जोरात फिरावे लागते, आणि त्याच्या धुरीतले वंगण आटले की तो डासासारखा गुणगुणू लागतो. हा तर मधूनच चिरकत असे. पहिल्या रांगेतल्या दोन मुलींनी जागा बदलून मागितली आणि एका मुलाने पुढच्या महिन्याची फी भरली नाही. मामांनी नवा संगणक घ्यायचे ठरवले. दुकानदाराने पस्तीस हजारांचा अंदाज दिला होता. बावीस खुर्च्यांच्या अभ्यासिकेला पस्तीस हजार म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. मामीच्या मते तर ते पैसे आधीच छतासाठी बोलून ठेवलेले होते.

आता वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून पाहू. तो संगणक आठ वर्षांपूर्वी बत्तीस हजारांना घेतलेला. घटत्या शिलकेच्या पद्धतीने दरसाल ४० टक्के घसारा काढत गेले, तर आठ वर्षांनी वहीत त्याची किंमत उरते ५३७ रुपये! पुस्तकी किंमत पाहणारा म्हणेल, एवढ्याशा वस्तूवर पाचशे रुपये दुरुस्तीला घालणे म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला. पण परिव्ययाच्या तासाला आपल्याला शिकवतात की, बुडीत खर्च निर्णयात धरू नये. जे पैसे गेले ते गेले. त्यांची वहीतली उरलीसुरली सावलीही निर्णयाच्या कामाची नाही. पाहायचे ते एवढेच की, इथून पुढे कोणत्या वाटेने गेले तर किती पैसे जातील आणि काय हाती येईल. पाचशे रुपयांत आणखी तीन वर्षे काम, की पस्तीस हजारांत सहा वर्षे काम? अशी मांडणी केली की ५३७ हा आकडा आपोआप गळून पडतो. हे गणित परीक्षेत आपण सगळेच बिनचूक सोडवतो आणि घरी मात्र हटकून विसरतो.

दुरुस्तीला मदत केली ती रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क कारागिराने. सारा मोहल्ला त्यांना चाचाजी म्हणतो. ग्राफिक्स कार्ड त्यांनी यापूर्वी उघडलेले नव्हते. पण पंख्याशिवाय थंड ठेवायचे म्हणताच त्यांना जराही नवल वाटले नाही. ते म्हणाले, “बेटा, हमारे अँप्लिफायर में कभी पंखा देखा है?” खरेच की! गणपतीच्या मांडवात आणि लग्नाच्या मांडवात रात्र-रात्र कर्णे गाजवणारे ते जुने अँप्लिफायर आठवा. त्यांच्या पाठीला काळ्या ॲल्युमिनियमचे, जाड पात्यांचे कंगवे असत. त्यावर २एन३०५५ जातीचे ट्रान्झिस्टर, मध्ये अभ्रकाची चकती आणि पांढरे वंगण. नवी म्हणून जी विद्या आपण शोधायला जातो, ती आपल्या गल्लीतल्या दुकानात पन्नास वर्षे नांदते आहे. ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीतही पंखा हा मागाहून आलेला पाहुणा आहे. १९९६ साली आलेल्या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू कार्डावर पंखा नव्हता. पुढे वेग वाढला, वीज वाढली, उष्णता वाढली आणि पंखा आला.

‘पंखा काढा’ म्हणजे नुसता पंखा उपटून टाका, असे मात्र नव्हे. इथेच बहुतेकांची फसगत होते. पंख्याखाली जो धातूचा कंगवा असतो त्याची पाती फार जवळजवळ असतात, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या फटीने. जोराची हवा त्या फटीतून जाऊ शकते. आपोआप वर चढणारी गरम हवा मात्र तिथे अडकून बसते. तिला जायला आठ-दहा मिलिमीटरची वाट लागते. म्हणून जुना कंगवा ठेवून पंखा बंद केला तर कार्ड तापणारच. बिनपंख्याच्या कंगव्याची पाती विरळ हवीत, उंच हवीत आणि उभी हवीत.

दुसरी गोष्ट धातूची. लोकांचा समज असा की, तांबे वापरले म्हणजे झाले. तांब्यातून उष्णता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ दुप्पट सहज वाहते हे खरे आहे. परंतु बिनपंख्याच्या मांडणीत अडचण धातूत नसते, ती धातू आणि हवा यांच्या भेटीत असते. बैलगाडीच्या वाटेला नेणारा रस्ता कितीही रुंद केला, तरी शेवटी वेग बैलगाडीचाच राहणार. त्यामुळे पुरेसे जाड ॲल्युमिनियम असले तर पुष्कळ झाले. चिप आणि धातू यांच्यामध्ये मात्र हवा राहता कामा नये, कारण ॲल्युमिनियमच्या तुलनेत हवा उष्णता वाहून नेते ती सुमारे आठ-हजारांश. म्हणून काचेच्या तुकड्यावर पॉलिशपेपर ठेवून कंगव्याचा तळ घासायचा, जुनी वाळलेली पेस्ट स्पिरिटने पुसायची आणि नवी पेस्ट अगदी पातळ लावायची. पेस्ट जाड लावली की फायदा वाढत नाही, घटतो.

चाचाजींच्या भंगाराच्या पेटीत बंद पडलेल्या अँप्लिफायरचा कंगवा सापडला. पंधरा सेंटिमीटर लांब, दहा रुंद. पंधरा पाती, प्रत्येक तीन सेंटिमीटर उंच. कार्डावरच्या भोकांच्या मापाने त्यांनी त्याला भोके पाडली, पाठीमागे पत्र्याची पट्टी लावून वजन सावरले आणि धातू कोणत्याही टोकदार भागाला टेकत नाही, हे भिंगातून दोनदा पाहिले. कंगवा एकशेवीस रुपये, पेस्ट एकशेऐंशी, स्क्रू वीस, मजुरी दोनशे, एकूण पाचशेवीस. मजुरी ते घेत नव्हते, ती मामांनी आग्रहाने दिली.

आता त्या हिशेबाकडे येतो ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. एका पातीच्या दोन बाजू मिळून साठ चौरस सेंटिमीटर. पंधरा पातींचे नऊशे. मधल्या तळाचे धरून साधारण हजार चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक दशांश चौरस मीटर. आपोआप वर चढणारी हवा, पृष्ठभाग तिच्यापेक्षा एक अंशाने गरम असता, दर चौरस मीटरमागे ढोबळमानाने ५ ते १० वॉट उष्णता उचलते. आपण सावधपणे ५ धरू. म्हणजे आपला कंगवा एका अंशामागे अर्धा वॉट बाहेर टाकणार. कार्डाचे वीस वॉट बाहेर पडायला कंगवा खोलीपेक्षा ४० अंश गरम व्हावा लागणार. हे झाले अंतर. आता त्यात खोलीचे तापमान मिळवा. युरोपातल्या कुणा गृहस्थाच्या खोलीत २० अंश. त्याचे कार्ड ६० वर थांबेल आणि तो आनंदाने जगाला सांगेल की, हे फार सोपे आहे. बालाघाटला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे तोच कंगवा, तेच कार्ड ८० च्या वर जाणार, आणि चिपच्या आतले तापमान त्याहून चार-पाच अंश अधिक. बहुतेक कार्डे नव्वदीच्या पुढे स्वतःचा वेग स्वतः कमी करू लागतात. म्हणजे युरोपातल्या माणसाला पंचवीस अंशांची सवलत आहे आणि आपल्याला पाच-सात अंशांची. दोघांना एकच सल्ला कसा लागू पडेल?

पंख्याशिवाय थंडाव्याबद्दल जे काही लिहिले-वाचले जाते, त्यातले बरेचसे थंड देशांत लिहिलेले असते. त्यांचे भौतिकशास्त्र चुकीचे नसते. त्यांचा जानेवारी आपला नसतो, एवढेच. परक्याच्या आकड्यात आपले ऊन मिळवल्याशिवाय आपला आकडा होत नाही. हे संगणकापुरतेच खरे आहे असे नाही; पण निदान संगणकापुरते तरी आपण लक्षात ठेवावे.

मग आम्ही काय केले? पहिले, पेटी आडवी निजवली. उभ्या पेटीत कार्ड आडवे असते आणि चिपचे तोंड खाली असते. गरम हवा वर जायची तर कार्डच तिला आडवे येते. पेटी आडवी केली की कार्ड उभे राहते, पाती उभी होतात आणि हवेला धुराड्यासारखी वाट मिळते. दुसरे, वर आलेल्या पत्र्याला जाळी बसवली, आणि धूळ पडू नये म्हणून दर रविवारी फडके मारायचे काम मामेभावाकडे दिले. तिसरे, कार्डाचा वेग दहा टक्क्यांनी उतरवला. रजिस्टर आणि कॅमेरे यांना तेवढा वेग लागतच नाही. वेगाबरोबर विजेचा दाबही थोडा कमी करता आला, तर उष्णता आणखी भरभर उतरते, कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चौथे, भर दुपारी, कूलर बंद असताना, खोलीत ४१ अंश असताना, पूर्ण भार देऊन तासभर वाट पाहिली. दहा मिनिटांत तापमान पाहून हुश्श करू नये. अर्धा किलो धातू तापायलाच वेळ लागतो. तासाभराने आकडा ८१ वर थांबला. रोजच्या कामात, कूलर चालू असताना, तो पंचावन्नच्या वर जात नाही.

आता आक्षेप. अभ्यासिकेत छताचे पंखे असतात, उन्हाळ्यात कूलर घोंघावतो. मग एवढ्याशा पंख्याचे काय ते कौतुक? आक्षेप रास्त आहे. पण कूलरचा आवाज जाड आणि एकसारखा असतो. पाच मिनिटांत कान त्याला विसरतात. बारीक, चिरका, मधूनच तुटणारा आवाज कान विसरू शकत नाहीत. शिवाय कूलर तीन-चार महिनेच चालतो. परीक्षेची तयारी बारा महिने चालते.

दुसरा आक्षेप, नवा पंखाच का बसवू नये? मिळाला तर जरूर बसवावा. पण जुन्या कार्डाच्या भोकांच्या मापाचा पंखा लहान गावात मिळत नाही, आणि मिळाला तरी त्याच धुळीत तो पुन्हा झिजणार. तिसरा आक्षेप, बिनपंख्याची तयार कार्डे मिळतात ना? मिळतात. रेडिऑन एचडी ५४५० आणि जीफोर्स जीटी ७१० ही कार्डे १९ वॉटची, जीटी १०३० तीस वॉटचे; या सर्वांचे बिनपंख्याचे प्रकार कंपन्यांनी स्वतःच काढले होते. पॅलिट कंपनीने तर ६० वॉटच्या जीटीएक्स ७५० टीआय आणि ७५ वॉटच्या १०५० टीआय या कार्डांचेही बिनपंख्याचे प्रकार काढले. यावरून दोन गोष्टी कळतात. एक, कल्पना वेडगळ नाही. दोन, तिला मर्यादा आहे. ७५ वॉटला आमच्या हिशेबाने चौपट कंगवा लागतो, आणि तो चाचाजींच्या पेटीत सापडत नाही. २०२२ साली आलेल्या जीफोर्स आरटीएक्स ४०९० ला ४५० वॉट लागतात. त्याचा पंखा काढण्याच्या गोष्टी कोणी करू लागला, तर त्याला प्रेमाने खाली बसवावे. माझे मत विचाराल तर घरगुती हातांनी तीस वॉटपर्यंतच जावे. त्यापुढे मोठा पंखा लावून तो हळू फिरवणे हेच शहाणपण. बारा सेंटिमीटरचा पंखा कमी फेऱ्यांत तेवढीच हवा देतो आणि जवळजवळ ऐकू येत नाही. शांतता हे ध्येय आहे; पंखा नसणे हे त्याचे केवळ एक साधन. साधनाचा हट्ट धरून यंत्र जाळणाऱ्याला शांतता मिळते खरी, पण ती बंद पडलेल्या यंत्राची.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती बालाघाटला गेल्याशिवाय माझ्या ध्यानात आली नसती. याच जिल्ह्यात, शहरापासून सुमारे नव्वद किलोमीटरवर मलाजखंड आहे. हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीची तिथे तांब्याची खाण आहे. खुल्या खाणीचा प्रकल्प १९८२ साली सुरू झाला. अलीकडच्या वर्षांत काम जमिनीखाली नेले आहे. तिथल्या खनिजात तांब्याचे प्रमाण साधारण एक टक्का. म्हणजे शंभर किलो दगड फोडावा, दळावा, धुवावा, तेव्हा किलोभर तांबे, आणि तेही पुढे दूर कुठे तरी वितळवून शुद्ध केल्यावर. खनिजावरची माती आणि निरुपयोगी खडक आधी हलवावा लागतो तो वेगळाच. कार्डाच्या पट्टीत, तारांत आणि कंगव्यात मिळून पन्नास ग्रॅम तांबे आहे असे धरले, तर ते कार्ड म्हणजे निदान पाच किलो दगड. आपण ‘जुने झाले’ म्हणून फेकतो तेव्हा पाच किलो दगड फोडण्याचे कुणाचे तरी श्रम फेकतो, आणि नवे घेतो तेव्हा आणखी पाच किलो फोडायला सांगतो. मराठीत तांबे, कन्नडमध्ये ताम्र. शब्दाचे मूळ एक, आणि त्यामागचा घामही एकच. कोणत्याही ताळेबंदात हा खर्च वापरणाऱ्याच्या नावे पडत नाही. म्हणून तो नाही, असे आपण मानतो.

कायदा याबाबतीत आपल्या पुढे गेला आहे असे म्हणावे लागते. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि त्यांत आपल्या मालाच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. पण पुनर्चक्रण हा शेवटचा संस्कार आहे. जिवंत माणसावर तो करीत नाहीत. भंगारात गेलेल्या कार्डातून धातू परत मिळेल, पण चिप घडवण्यात गेलेली बुद्धी आणि वीज परत मिळणार नाही. ती टिकवायची तर एकच मार्ग: जे चालते आहे ते चालू ठेवणे.

तेव्हा मला माझ्या विद्यार्थीमित्रांना आणि गुरुजनांना एक सूचना करायची आहे. प्रत्येक महाविद्यालयात दर काही वर्षांनी जुने संगणक निर्लेखित होतात. निर्लेखनाच्या कागदावर ‘कालबाह्य’ एवढा एकच शब्द असतो. त्या शब्दाशेजारी आणखी तीन रकाने असावेत. नेमका कोणता भाग निकामी झाला? तो बदलायला किंवा त्याच्याशिवाय चालवायला किती खर्च येईल? आणि तेच काम करणारी नवी वस्तू किती रुपयांना पडेल? पदार्थविज्ञानाच्या मुलांनी तापमान मोजावे, वाणिज्याच्या मुलांनी खर्चाचा तक्ता मांडावा, आणि गावातल्या एखाद्या जुन्या रेडिओ-कारागिराला मानधन देऊन दोन दिवस प्रयोगशाळेत बोलवावे. जे तीस वॉटच्या आत आहे त्याचा पंखा काढावा, जे वर आहे त्याला मोठा पंखा द्यावा, आणि जे खरोखर मेले आहे ते रीतसर पुनर्चक्रणाला पाठवावे. त्यासाठी नवे अनुदान लागत नाही. पहिल्या वर्षी दहा संगणक तपासून त्यातले चार जरी ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बिनआवाज चालू लागले, तरी नवीन चार संगणकांचे पैसे वाचतील आणि ते पुस्तकांना मिळतील.

आपल्या पिढीला ‘नवे घ्या’ असे सांगणारे पुष्कळ आहेत. ‘जुनेच वापरा’ असे सांगणारेही घरोघरी आहेत. दोघांचेही ऐकू नये. कागद-पेन्सिल घ्यावी, झिजलेला भाग शोधावा, आपल्या गावच्या मे महिन्याचे तापमान त्यात मिळवावे, आणि जो आकडा येईल तो मानावा. आकडा ‘टाका’ म्हणाला तर हळहळ न करता टाकावे. पण आकडा ‘ठेवा’ म्हणत असताना केवळ आवाजाला कंटाळून टाकणे, हा वाणिज्याच्या विद्यार्थ्याला तरी शोभणारा व्यवहार नव्हे.